दंतवैद्याची खतावणी आणि आपण

दंतवैद्यांच्या जमाखर्चाचा विषय समाजवादी पक्षाच्या साप्ताहिकात कशासाठी, असा प्रश्न काही साथी विचारतील. शेतमालाचा भाव, वाळूजच्या कारखान्यांतील कंत्राटी कामगार, जायकवाडीचे पाणी हे विषय सोडून एका सुस्थित व्यवसायाच्या करसल्ल्याकडे वळावे, हे त्यांना चैनीचे वाटेल. मला तसे वाटत नाही. एखाद्या व्यवसायाचे हिशेब कसे लिहिले जातात, कोणाच्या सल्ल्याने लिहिले जातात आणि त्यांतून काय गाळले जाते, याचा अभ्यास म्हणजे त्या व्यवसायातील वर्गसंबंधांचाच अभ्यास होय. शिवाय दात ही सर्वांना असणारी आणि सर्वांची दुखणारी वस्तू आहे. पैठणच्या ऊसतोड मजुराची दाढ आणि सिडकोतील कारखानदाराची दाढ सारखीच ठणकते. पुढे त्या दाढेचे काय होते, हे मात्र निराळ्या हिशेबाने ठरते.

केवळ दंतवैद्यांसाठी हिशेब, कर आणि गुंतवणूक यांचा सल्ला देणारा स्वतंत्र वर्ग इंग्लंडात केव्हाच स्थिरावला आहे. आपल्या मोठ्या शहरांतही तो आकार घेऊ लागला आहे. खुर्ची रोखीने घ्यावी की कर्जाने, दुसरी शाखा कधी काढावी, कोणत्या उपचाराला किती दर लावावा, कर कसा कमी बसेल, अशा प्रश्नांची उत्तरे हा वर्ग देतो. हा सल्ला मुळातच अनिष्ट आहे असे माझे म्हणणे नाही. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात जबड्याची प्रत्येक शीर शिकवली जाते, पण ताळेबंद कशाशी खातात हे कोणी सांगत नाही. अशा तरुणाला जाणत्या माणसाचा आधार लागणारच. प्रश्न एवढाच आहे की, हा आधार कोणत्या दिशेला ढकलतो.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. या व्यवसायाचे नियमन करणारा पहिला देशव्यापी कायदा १९४८ चा. आपल्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, शासकीय दंत महाविद्यालय निघाले ते १९८२ मध्ये. मराठवाड्याच्या मुलामुलींना नाममात्र शुल्कात हे शिक्षण मिळू लागले आणि घाटीच्या आवारात येणाऱ्या गोरगरिबांना परवडणारा उपचार मिळू लागला. ही मोठी गोष्ट होती. परंतु दुसऱ्याच वर्षी, १९८३ मध्ये, वसंतदादा पाटील यांच्या सरकारने व्यावसायिक शिक्षणाची दारे विनाअनुदान संस्थांना उघडली. त्यानंतर राज्यात वाढली ती मुख्यतः खासगी महाविद्यालये. आज देशात दंत महाविद्यालयांची संख्या तीनशेवर आहे आणि त्यांतली बहुसंख्य खासगी आहेत. एकाच पिढीत पदवीधर दंतवैद्यांचे उत्पादन, होय, उत्पादनच म्हणतो, अनेक पटींनी वाढले. सार्वजनिक रुग्णालयांतील त्यांच्या जागा त्या मानाने वाढल्या नाहीत. परिणामी जो तरुण लाखो रुपये शुल्क भरून बाहेर पडतो त्याला नोकरी नाही, आणि दवाखाना काढावा तर भांडवल नाही. तो प्रथम बँकेच्या दारात जातो आणि मग सल्लागाराच्या.

दंतवैद्यकाचे अर्थशास्त्र इतर वैद्यकीय शाखांहून वेगळे आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. ताप-खोकला तपासणाऱ्या डॉक्टरला टेबल, खुर्ची आणि स्टेथोस्कोप एवढ्यावर आरंभ करता येतो. दंतवैद्याला पहिल्या दिवसापासून यंत्रयुक्त खुर्ची, कॉम्प्रेसर, निर्जंतुकीकरणाचे ऑटोक्लेव्ह आणि क्ष-किरण यंत्र लागते. प्रत्येक रुग्णामागे साहित्य खर्ची पडते. कॅप आणि कवळी प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ बनवतो, त्याचे बिल वेगळे. म्हणजे हा व्यवसाय बुद्धीचा असला तरी त्याची रचना छोट्या कारखान्याची आहे. स्थिर भांडवल, कच्चा माल, मजुरी आणि रिकाम्या खुर्चीचा रोजचा तोटा, सारे त्यात आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने ‘यंत्रसामग्री’ची व्याख्या करताना शस्त्रक्रियेच्या उपकरणांचा स्वतंत्र उल्लेख केला, तो उगाच नव्हे.

आता करव्यवस्थेने या छोट्या कारखान्याला कसे वागवले ते पाहू. २०१६ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात ४४-एडीए हे कलम घातले. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद आदी व्यावसायिकांची वर्षाची एकूण जमा ५० लाखांपर्यंत असेल, तर त्यातील निम्मी रक्कम उत्पन्न मानावी आणि तेवढ्यावर कर घ्यावा, हिशेबाच्या वह्या मागू नयेत, अशी ही अनुमानित कराची योजना. पुढे २०२३ मध्ये, रोखीचा भाग ५ टक्क्यांहून अधिक नसेल तर, ही मर्यादा ७५ लाखांवर नेण्यात आली. १९६१ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२५ मध्ये जो नवा कायदा संमत झाला, त्यात कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व तेच राहिले. लहान व्यावसायिकाची कागदपत्रांच्या जंजाळातून सुटका, असे या योजनेचे समर्थन केले जाते. ते वरवर पटतेही.

पण आकडे मांडून पाहिले की चित्र पालटते. वर्षाला प्रत्येकी ३० लाख रुपये जमा असलेले दोन दवाखाने कल्पावेत. पहिला तरुणाचा. भाडे ३ लाख ६० हजार, कर्जाचे व्याज २ लाख ४० हजार, साहित्य आणि प्रयोगशाळा साडेसात लाख, पगार ३ लाख ६० हजार, इतर खर्च १ लाख ४० हजार आणि १५ लाखांच्या यंत्रसामग्रीवर १५ टक्के घसारा, म्हणजे सव्वादोन लाख. एकूण वजावट २० लाख ७५ हजार. त्याचे खरे उत्पन्न ९ लाख २५ हजार. दुसरा दवाखाना जुन्या, जम बसलेल्या दंतवैद्याचा. जागा स्वतःची, कर्ज फिटलेले, यंत्रांची किंमत हिशेबातून केव्हाच वळती झालेली. साहित्य आणि प्रयोगशाळा ६ लाख, पगार ३ लाख, इतर दीड लाख. त्याचे खरे उत्पन्न साडेएकोणीस लाख. अनुमानित योजनेत कायदा दोघांनाही सारखेच मानतो. दोघांचे उत्पन्न १५ लाख.

२०२५-२६ या वर्षाच्या नव्या करपद्धतीच्या दरांनी १५ लाखांवर उपकरासह १ लाख ९ हजार २०० रुपये कर होतो. तरुणाने खरा हिशेब दिला असता तर त्याला एक पैसाही कर लागला नसता, कारण १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला करमाफी आहे. वृद्ध व्यावसायिकाने खरा हिशेब दिला असता तर त्याला १ लाख ९७ हजार ६०० रुपये भरावे लागले असते. एकाचा कर शून्यावरून लाखावर गेला, दुसऱ्याचे ८८ हजार ४०० रुपये वाचले. कायद्यात ‘निम्मे, अथवा करदात्याने त्याहून अधिक मिळाल्याचे सांगितल्यास ते’ अशी पुस्ती आहे खरी, पण अधिक मिळाले असे आपण होऊन सांगण्याची हौस कोणाला असते? आणि तरुणाला योजनेबाहेर राहता येते हेही खरे, पण त्यासाठी त्याने वह्या ठेवाव्यात आणि त्या लेखापरीक्षकाकडून तपासून घ्याव्यात, म्हणजे कर वाचवण्यासाठी आधी शुल्क मोजावे. सोपेपणाच्या नावाखाली जन्मलेली योजना अशा रीतीने भांडवल असलेल्याला सोपी आणि कर्ज असलेल्याला अवघड ठरते. विशेष सल्लागाराची खरी गरज या तरुणाला आहे. परवडतो मात्र तो दुसऱ्याला.

पगारदारांशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. २४ लाख जमा असलेला व्यावसायिक या योजनेत १२ लाखांचे उत्पन्न दाखवून संपूर्ण करमुक्त राहू शकतो. तेवढेच वेतन घेणाऱ्या नोकरदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते आणि त्याला उपकरासह २ लाख ९२ हजार ५०० रुपये भरावे लागतात. व्यावसायिकाला खर्च असतात आणि नोकरदाराला नसतात, हे मान्य. पण खर्च आहे म्हणणाऱ्याने तो दाखवावा, एवढी अपेक्षा अवास्तव आहे काय?

याहून महत्त्वाची गोष्ट कराच्या रकमेत नाही, वह्यांच्या अभावात आहे. १९६२ च्या प्राप्तिकर नियमांनी वैद्यकीय व्यावसायिकांसाठी नमुना ३-सी नावाचे दैनंदिन रुग्णनोंदीचे रजिस्टर ठरवून दिले होते. तारीख, रुग्णाचे नाव, सेवेचे स्वरूप, मिळालेले शुल्क असे त्याचे साधे रकाने. त्याचा हेतू कराचा होता, पण प्रत्येक दवाखान्यात अशी वही असणे म्हणजे शहराच्या आरोग्याची एक सलग नोंद असणे. किती दाती काढल्या गेल्या, किती वाचवल्या गेल्या, मिश्री आणि गुटखा यांनी पोखरलेली किती तोंडे आली, हे त्या वह्यांतून कोणी गोळा करू म्हणता तर करता आले असते. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली, पण तिचा परिणाम जबड्यांवर काय झाला हे तपासायला खासगी दवाखान्यांतील नोंद कोठे आहे? अनुमानित योजनेने ही वही ठेवण्याचे बंधनच दूर केले.

दुसरी अदृश्य झालेली व्यक्ती म्हणजे दवाखान्यातील मदतनीस. सकाळी झाडलोट करणारी, अवजारे उकळून ठेवणारी, रुग्णाच्या तोंडात लाळशोषक नळी धरणारी आणि संध्याकाळी रोकड मोजणारी ही बहुधा एकच मुलगी असते. जुन्या पद्धतीत तिचा पगार हा खर्च होता. तो दाखवण्यातच मालकाचे हित होते, त्यामुळे निदान वहीत तिचे नाव लागे. आता निम्मा खर्च कायद्याने आधीच गृहीत धरला आहे. तिला किती दिले, दिले की नाही, याचा कागद ठेवून मालकाला काही मिळत नाही. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहांपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना बहुतेक तरतुदींतून आधीच मोकळे केले आहे. राज्य विमा योजनेचे छत्रही लहान आस्थापनांपर्यंत पोहोचत नाही. करकायद्याच्या वहीत तेवढे तिचे अस्तित्व उरले होते, तेही गेले. जी गोष्ट मदतनिसाची तीच कवळ्या घडवणाऱ्या तंत्रज्ञाची. तो धातूच्या आणि प्लास्टरच्या धुळीत बसतो, नगावर पैसे घेतो, आणि त्याचे बिल जपून ठेवण्याची कोणाला गरज उरलेली नाही. आपल्या कामगार आघाडीने या वर्गाकडे अजून पाहिलेलेही नाही, कारण एका छपराखाली ते दोन किंवा तीनच असतात. विडी कामगार आणि हमाल यांच्याबद्दलही एकेकाळी हेच म्हटले जात होते.

वस्तू व सेवा कराबद्दल थोडक्यात. २०१७ पासून आरोग्यसेवा या करातून मुक्त आहे, सौंदर्यासाठीचे उपचार वगळून. ऐकायला हे रुग्णाच्या हिताचे आहे. परंतु सेवा करमुक्त असल्याने दंतवैद्याला साहित्यावर आणि यंत्रांवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो कर मुकाट्याने रुग्णाच्या बिलात मिसळतो आणि बिलावर कोठे दिसत नाही. आणि जो कष्टकरी दंतवैद्याकडे कधी जातच नाही, त्याच्या टूथपेस्टवर आणि ब्रशवर सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के कर होता. मग तो ५ टक्क्यांवर आला. आठ वर्षे शासन दात घासण्याला दागिन्यांपेक्षा जड कर लावत होते, कारण सोन्यावरचा दर ३ टक्के होता. यावर आणखी भाष्य नको.

आता सल्ल्याच्या गाभ्याकडे येतो. दंतवैद्याच्या विशेष सल्लागाराचे मूलभूत मापन आहे ‘खुर्चीमागे तासाला उत्पन्न’. छोट्या कारखान्याच्या दृष्टीने ते शास्त्रशुद्धही आहे. पण या मापाने उपचारांची उतरंड लावली की काय होते? हिरड्यांची निगा शिकवणे, लहान मुलाला कीड लागू नये म्हणून अर्धा तास बोलणे, किडलेली दाढ चिकाटीने वाचवणे ही कामे वेळखाऊ आणि कमी फायद्याची ठरतात. दात काढून कृत्रिम मूळ रोवणे, पुढच्या दातांना शुभ्र कवच चढवणे, तारा बसवणे ही कामे फायद्याची ठरतात. सल्लागार कोणालाही खोटा उपचार करा असे सांगत नाही. तो फक्त तक्ता पुढे ठेवतो. हप्ता डोक्यावर असलेला तरुण तो तक्ता वाचतो आणि त्याच्या नकळत त्याच्या निदानाचा काटा थोडा कलतो. रुग्णाजवळ पैसे नसतील तर हप्त्यांवर कर्ज देणारी वित्तसंस्थाही दवाखान्यातच हजर असते. म्हणजे एकाच खुर्चीत दोन कर्जदार समोरासमोर, एक उभा आणि एक आडवा.

ज्याला कर्जही मिळत नाही त्याच्यासाठी सर्वांत स्वस्त उपचार एकच आहे, दात काढून टाकणे. तोंडातले एकेक रिकामे ठिकाण हाही आर्थिक निर्णयच असतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांभोवती बेतलेली आहे. दात भरायला कोणी दाखल होत नाही. आरोग्यविमाही सामान्यतः अपघाताने झालेली इजा सोडून दातांना वगळतो. म्हणून हा सारा खर्च खिशातून होतो, आणि खिसा रिकामा असेल तर होत नाही.

येथे ब्रिटनचा दाखला समाजवाद्यांनी विसरू नये असा आहे. १९४८ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली तेव्हा दंतोपचार आणि कवळ्या विनामूल्य होत्या. पिढ्यान्पिढ्या दुर्लक्षित राहिलेले कामगार कवळ्यांसाठी लोटले आणि खर्च अंदाजाबाहेर गेला. १९५१ च्या अंदाजपत्रकात ह्यू गेट्स्केल यांनी कवळ्या आणि चष्मे यांवर शुल्क बसवले. ज्यांनी ही सेवा उभी केली त्या अन्युरिन बेव्हन यांनी त्याविरुद्ध मंत्रिपद सोडले. त्यांच्यासोबत हॅरॉल्ड विल्सनही बाहेर पडले. पुनःशस्त्रीकरणाला पैसा आहे आणि दातांना नाही, हा हिशेब त्यांना मान्य नव्हता. कवळीसारख्या क्षुल्लक गोष्टीवरून राजीनामा, अशी तेव्हाही टवाळी झाली. पुढे काय झाले ते सर्वांसमोर आहे. २००६ मध्ये इंग्लंडात दंतवैद्यांचा मोबदला कामाच्या ‘एककांत’ मोजणारा करार आला, आणि सार्वजनिक सेवेतील दंतवैद्य मिळणे ही तेथे आज अनेकांना दुर्घट गोष्ट झाली आहे. एकके कशी भरावीत आणि खासगी कामाशी त्यांचा मेळ कसा घालावा, हे सांगणारा तज्ज्ञ लेखापाल त्याच व्यवस्थेत फोफावला. सार्वजनिक सेवेला जेथे फट पडली तेथे सल्लागाराचे दुकान थाटले गेले.

मग आपण काय करावे? खासगी दवाखाने बंद करा, अशी घोषणा देऊन सभा जिंकता येईल, दाढ भरता येणार नाही. कर्जबाजारी तरुण दंतवैद्य हा आपला शत्रू नाही. उलट तो नवशिक्षित श्रमिक आहे आणि मोठ्या शहरांतील साखळी दवाखान्यांच्या पगारपत्रकावर तो श्रमिक म्हणूनच चढतो आहे. त्याला आपल्या बाजूला आणण्याचा मार्ग त्याच्या हिशेबातूनच जातो. त्याचा सर्वांत मोठा खर्च यंत्रांचा, आणि यंत्रे दिवसाचा बराच वेळ रिकामी. सहा जणांनी सहा खुर्च्या घेऊन सहा कर्जे फेडण्याऐवजी दोन खुर्च्या आणि एक क्ष-किरण यंत्र पाळीने वापरले तर काय बिघडते? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा आहे. भिन्न कुटुंबांतील १० व्यक्ती एकत्र आल्या तर संस्था नोंदता येते. त्यात दंतवैद्य असावेत, तंत्रज्ञ असावेत आणि मदतनीसही सभासद असावेत. दादरचे शुश्रूषा रुग्णालय १९६० च्या दशकात नागरिकांच्या सहकारातूनच उभे राहिले. साखर आणि पतपेढ्या यांत सहकाराचे काय झाले हे मला कोणी सांगायला नको, धनंजयराव गाडगिळांच्या कल्पनेची ती विटंबना मीही पाहिली आहे. पण अशा संस्थेला अनुमानित कराची पळवाट नाही. खतावणी ठेवावी लागते, लेखापरीक्षण करावे लागते, आणि मदतनिसाचा पगार त्या खतावणीत मांडावा लागतो. त्या संस्थेला हिशेबाचा तज्ज्ञ सल्लागार अवश्य लागेल. आपल्या विचारांचे जे वाणिज्य पदवीधर आणि सनदी लेखापाल या शहरात आहेत, त्यांनी महिन्याचे चार तास त्यासाठी द्यावेत. शासकीय दंत महाविद्यालयाच्या आंतरवासितांना पाच-सहा व्याख्यानांत जमाखर्च, करकायदा आणि कर्जाचे गणित शिकवण्याचे कामही त्यांना करता येईल. निवृत्त प्राध्यापकांचीही या शहरात वाण नाही.

शासनाकडे मागणी करायची तर अनुमानित योजना रद्द करा अशी नको, ती टिकणार नाही. सवलत हवी असेल तर दोन नोंदी द्या, एवढी मागणी पुरे. एक, किती नोकर आणि प्रत्येकाला किती वेतन. दुसरी, कोणत्या प्रकारचे किती उपचार, रुग्णांची नावे गाळून. दोन्ही एका पानात मावतात.

आणि एक काम कोणाची वाट न पाहता आजच होण्यासारखे आहे. आपल्या जिल्ह्यात ९ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातील ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंतचिकित्सकाचे पद मंजूर आहे काय, असल्यास भरलेले आहे काय, खुर्ची चालू आहे काय, गेल्या वर्षी किती दात भरले आणि किती काढले, एवढे प्रश्न माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली विचारावेत. अर्जाला १० रुपये लागतात. कन्नड, सोयगाव आणि वैजापूर येथून सुरुवात करावी, कारण तेथून घाटी दूर पडते.